उपळाईकर डॉक्टर आणि ठकूबाईचे एडके

मी चित्रकलेचा मास्तर. उभ्या आयुष्यात शाळेच्या पोरांना सुरई, पपई आणि पाण्याचा तांब्या काढायला शिकवला. पण मला कुणी विचारलं, की मास्तर, तुम्ही स्वतः सगळ्यांत जास्त वेळा काय चितारलंत, तर खरं उत्तर आहे, मेंढीच्या मेंदूखालची ग्रंथी. वाटाण्याएवढी असते. समोरून, बाजूनं, उभी चिरून, आडवी चिरून, शाईत आणि जलरंगात अशी मी ती पाच वर्षं काढत होतो. आणि माझ्या घरात तर मटणाचा वाससुद्धा चालत नसे. हे काम ज्यांच्यामुळे माझ्या गळ्यात पडलं, ते उपळाईकर डॉक्टर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायचं मी आजवर टाळलं. कारण सरळ आहे. त्यांचं जे नुकसान झालं त्यात थोडा हात माझाही होता, असं मला वाटत आलं आहे.

उपळाईकर जनावरांचे डॉक्टर. सोलापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात ते बदलून आले तेव्हा आमच्या शेजारचंच घर त्यांनी घेतलं. उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी, आणि चालताना नजर अशी खाली, की रस्त्यात काहीतरी हरवलं आहे. विलायतेला दोन वर्षं राहून, एका मोठ्या प्रोफेसरांच्या हाताखाली शिकून आले होते. इकडे परत आल्यावर संशोधनाची जागा मिळेल अशी त्यांची समजूत होती. जागा कुठे होती? मिळाली ती नोकरी बैलांचे सुजलेले खांदे आणि टांग्याच्या घोड्यांचे खूर बघायची. त्यांनी ती निमूटपणे पत्करली, आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत आपली प्रयोगशाळा थाटली. दवाखाना सुटला, की जेवण आटपून ते त्या पत्र्याखाली शिरत. सोलापूरचा उन्हाळा ज्यानं सोसला आहे त्याला पत्र्याची खोली म्हणजे काय ते सांगायला नको.

त्यांचं सगळं डोकं एका प्रश्नानं व्यापलेलं होतं. मादीचा माज, तिचं गाभण राहणं, हा सगळा कारभार बीजकोशांचा, असं तेव्हाच्या पुस्तकांत असे. विलायतेत नुकतंच कुणाकुणाच्या ध्यानात येऊ लागलं होतं, की बीजकोश बिचारे ताबेदार. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका वाटीत बसलेली ती वाटाण्याएवढी ग्रंथी रक्तात कसलासा रस सोडते, आणि तो पोचला की मग बीजकोश जागे होतात. उपळाईकर याच्याही पुढे जात. ते म्हणत, त्या ग्रंथीलासुद्धा कुणीतरी हुकूम देत असलं पाहिजे, आणि तो मेंदूच असणार. मेंढी बाहेरचं जग बघते, ऊन बघते, कोवळं गवत बघते, मेंदू ते समजून घेतो आणि ग्रंथीला सांगतो. आज हे कुठल्याही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ असेल. त्या वेळी सोलापुरात हे बोलणारा एकच माणूस होता आणि त्याचं ऐकणारा मी एकच. त्यातलं मला निम्मं कळत असे.

"हुकूम वरून की खालून?" हे त्यांचं पालुपद होतं. गिरणीत संप झाला, की ते विचारत, संपाचा हुकूम वरून आला की खालून? शाळेत माझ्यावर नवा तास लादला गेला, की तेच. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. पानात नुसतं तिखट आणि शेंगांची चटणी बघून त्यांनी सवयीनं विचारलं, "आज वरण नाही. हुकूम वरून की खालून?" उपळाईकरवहिनी आतून म्हणाल्या, "डब्यातून. डाळ संपली आहे, हे परवाच कानावर घातलं होतं." उपळाईकर मोठ्यांदा हसले. कामात असले की कानावर घातलेलं त्यांच्या आत जात नसे, आणि याचं त्या वेळी आम्हाला कौतुकच वाटे.

ग्रंथी हवी तर जनावराची डोकी हवीत. रोज सकाळी अंघोळीच्या आधी उपळाईकर एक वेताची टोपली घेऊन खाटिकखान्यात जात. ब्राह्मणाच्या घरातला माणूस, उजेडात, सगळ्या गल्लीच्या देखत. आमच्या गल्लीनं त्यांना नावं ठेवण्यात काही कसूर केली नाही. शेजारच्या एका सोवळ्या बाईंनी तर त्यांची सावली पडू नये म्हणून पाण्याची वाट बदलली. खाटिकखान्यातला रहीमचाचा मात्र त्यांच्यावर खूश असे. कवटी कशी फोडायची, म्हणजे ती वाटी दुखावणार नाही, हे उपळाईकरांनी त्याला शिकवलं होतं, आणि तो ते कसब इतरांना दाखवत असे. "आव डाक्टरसाब, तुमारे वास्ते अच्छेअच्छे भेजेवाले रख्खा हूं," असं तो लांबूनच ओरडे. वहिनींनी या प्रकाराबद्दल नवऱ्याला कधी एक शब्द विचारला नाही. फक्त मागच्या दाराशी एक वेगळी बादली, वेगळा पंचा आणि शिकेकाईची वाटी कायमची ठेवून दिली. त्या बादलीतल्या पाण्यानं न्हाल्याशिवाय उपळाईकरांना घरात पाऊल टाकता येत नसे.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ आला, तेव्हाची गोष्ट. रस्त्यावर चिटपाखरू नाही. या गृहस्थानं टोपली उचलली आणि निघाले. परत येताना कोपऱ्यावर गोऱ्या सोल्जरनं अडवलं. टोपलीवर फडकं होतं, आणि खालून रक्त ठिबकत होतं. मी खिडकीतून बघत होतो. त्यानं संगिनीनं फडकं वर केलं. आत चार मेंढ्यांची डोकी. उपळाईकर भिण्याऐवजी त्याला इंग्रजीत ग्रंथीची माहिती सांगू लागले. पाव तास तरी ते बोलत होते. एक डोकं हातात धरून त्यांनी त्याला ती हाडाची वाटी कुठे असते तेही दाखवलं. शेवटी तो सोल्जरच कंटाळून बाजूला झाला. घरी आल्यावर मी त्यांना खूप बोललो. ते म्हणाले, "अहो मास्तर, चांगला मुलगा होता. त्याच्या बापाच्या मेंढ्या आहेत. त्यानं विचारलेला एक प्रश्न मला आजवर सुचला नव्हता." प्रश्न काय होता ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्यांच्या नाकाबद्दल सांगायचं राहिलं. ग्रंथी काढल्या, की त्या अ‍ॅसिटोनमध्ये वाळवायच्या, काही फॉर्मॅलिनमध्ये ठेवायच्या, आणि या दोन्ही द्रवांचा वास डोळ्यांतून पाणी काढणारा. मला त्या खोलीत तासाभरापेक्षा जास्त बसवत नसे. उपळाईकर मात्र आरामात. एकदा वहिनी देवळात गेल्या होत्या आणि दुधाचं पातेलं त्यांच्या राखणीला होतं. मी आलो तर घरभर धूर, पातेलं काळं ठिक्कर, आणि हे दोन हातांवर मायक्रोस्कोपाला डोळा लावून बसलेले. मी ओरडलो तेव्हा त्यांनी वर बघितलं. "मास्तर, माझं नाक दोन वर्षांपूर्वीच गेलं," ते म्हणाले, "आता मला गुलाब आणि फिनेल सारखंच." त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते दुधाचं, कारण संध्याकाळी चहा मिळणार नव्हता.

आता ठकूबाई.

माळशिरसकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली उतरतात आणि शेतांत कळप बसवत बसवत पुढे जातात. लेंडीखत होतं म्हणून शेतकऱ्यांनाही ते हवे असतात. ठकूबाईचा कळप त्या वर्षी सोलापूरबाहेरच्या एका माळावर होता. बाई पन्नाशीची, विधवा. कपाळ मोकळं, हातात काठी, आणि आवाज असा, की माळाच्या दुसऱ्या टोकाचं मेंढरू मान वर करी. तिच्या मेंढरांना देवीची लागण झाली तेव्हा उपळाईकरांनी आठ दिवस माळावर खेपा घालून कळप वाचवला होता. त्यामुळे त्यांनी "ठकूबाई, तुमच्या मेंढ्यांना मी काही दिवस सुई टोचीन, त्यांना अपाय होणार नाही," असं सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "टोचा की. तुमीच राखल्यात त्या."

प्रयोग असा होता. माघाचे दिवस. या दिवसांत आमच्याकडच्या मेंढ्या सहसा माजावर येत नाहीत, त्यांचा मोसम पुढे पावसाच्या तोंडाशी. अशा बिनमोसमी मेंढ्यांना ग्रंथीच्या भुकटीचं इंजेक्शन रोज द्यायचं आणि त्या माजावर येतात का ते बघायचं. आल्या, तर हुकूम वरून येतो हे सिद्ध. माज आला की नाही हे माणसाला सहज ओळखता येत नाही, ते एडक्यालाच, कळपातल्या नरालाच, कळतं. म्हणून एडके कळपात सोडायचे, पण त्यांच्या पोटाखाली जाड फडकं बांधायचं, म्हणजे गर्भ राहणार नाही. आणि त्यांच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासायचा. एडका ज्या मेंढीवर चढेल तिच्या पाठीवर लाल खूण उमटेल. ही युक्ती ते विलायतेहून शिकून आले होते. कुठलीही मेंढी आधीपासून गाभण असू नये, म्हणून त्यांनी आणखी एक काटेकोरपणा केला. आधीचे दोन महिने ठकूबाईला सगळे एडके तिच्या भावाच्या कळपात, लांब, ठेवायला लावले. सुई सुरू झाली त्याच दिवशी ते परत आणले.

तिसऱ्या आठवड्यात कळप लाल झाला. दोन-चार सोडता सगळ्या मेंढ्यांच्या पाठीवर गेरू. उपळाईकर माळावर लहान मुलासारखे धावत होते. टोपी कुठे पडली होती त्याचा पत्ता नव्हता. "मास्तर, वरून! हुकूम वरून!" असं ते मला लांबून ओरडून सांगत होते. मी एका बाभळीखाली मेंढीचं चित्र काढत बसलो होतो. ते त्यांच्या निबंधाबरोबर जाणार होतं.

ठकूबाई माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. चित्राकडे बघून म्हणाली, "झ्याक उतरलीया. ही काळतोंडी हाय." मग हसत म्हणाली, "मास्तर, तुमचा डाक्टर लई गुनाचा मानूस हाय. पन उगा टोचतुया की."

"का हो?"

"आवो, एडकं आनलं की मेंढरं माजावर येत्यातच. आदी लांब ठिवायचं. लांब म्हंजी कसं, वारं बी हिकडं येऊ न्हाई. मंग एकदम आनायचं. आदी वास, मंग माज. समदी कोकरं एका टायमाला पडावी म्हनून आमी करतोच की असं. आमच्यात समदी करत्यात."

मी हसलो. हे माझं हसणं मला पुढे फार दिवस ऐकू येत राहिलं. त्या क्षणी मला दोन गोष्टी वाटल्या, आणि दोन्ही लिहून टाकतो. पहिली अशी, की अडाणी बाई, हिला विलायतेतलं शास्त्र काय कळणार. दुसरी जास्त लाजिरवाणी. निबंध छापून आला, तर चित्रांखाली बारीक अक्षरांत माझं नाव येणार होतं. सोलापूरच्या चित्रकलेच्या मास्तराचं नाव विलायतेच्या नियतकालिकात. मी ते नाव तीन वेगवेगळ्या वळणांत लिहूनही बघितलं होतं. ठकूबाईचं बोलणं मी उपळाईकरांच्या कानावर घातलं नाही.

निबंध गेला. दोन-अडीच महिन्यांनी प्रोफेसरांचं उत्तर आलं. उपळाईकरांनी ते मला दारातच वाचून दाखवलं. काम महत्त्वाचं आहे, छापण्याजोगं आहे. इथे माझ्या प्रयोगशाळेत दोन वर्षांची जागा होत आहे, तिच्यासाठी मी तुमचं नाव मनात धरलं आहे. फक्त एक करा. हाच प्रयोग पुन्हा करा, आणि निम्म्या मेंढ्यांना इंजेक्शन देऊ नका. बाकी सगळं तसंच. "एवढंच ना!" उपळाईकर म्हणाले. त्या रात्री वहिनींनी शिरा केला, आणि मला विचारलं, "भावोजी, तिकडे थंडी फार असते का हो?" त्यांना बरोबर न्यायचं उपळाईकरांनी ठरवलं होतं. मग आठ-नऊ महिने वहिनींच्या हातात लोकरीच्या सुया होत्या. सोलापुरात मफलर विणणारी बाई मी तेवढीच पाहिली.

पुढच्या माघात तोच माळ, तोच कळप. एडके पुन्हा दोन महिने लांब ठेवून आणलेले. निम्म्या मेंढ्यांच्या कानात पिवळी दोरी, त्यांना इंजेक्शन. उरलेल्यांना नुसतं मिठाचं पाणी. तिसरा आठवडा लागला, तसे आम्ही सकाळीच माळावर गेलो. उपळाईकर मेंढ्या मोजू लागले. मी वहीत लिहीत होतो. पिवळी दोरी, गेरू. पिवळी दोरी, गेरू. दोरी नाही, गेरू. दोरी नाही, गेरू. माझा हात थांबला. उपळाईकरांनी सगळा कळप पुन्हा मोजला. तिसऱ्यांदा मोजला तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती. ज्यांना काही दिलं नव्हतं त्यासुद्धा तेवढ्याच लाल होत्या.

ते एका दगडावर बसले. "मास्तर, यांना काहीच दिलं नव्हतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "माझ्या इंजेक्शननं काहीही झालं नाही. गेल्या वर्षीही झालं नव्हतं. मी सरांना खोटं कळवलं."

मी म्हणालो, आणखी एकदा करून बघू, घाई नको. त्यांनी मान हलवली. त्याच दिवशी त्यांनी पत्र लिहून निबंध मागे घेतला. प्रोफेसरांचं चार ओळींचं उत्तर आलं, सभ्य आणि थंड. त्यात त्या जागेचा उल्लेख नव्हता.

आता मागे वळून बघताना मला सगळ्यांत नवल याचं वाटतं, की उरलेल्या निम्म्या मेंढ्यांना माजावर आणलं कुणी, हा प्रश्न त्या सकाळी आम्हा दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघाला नाही. उपळाईकरांच्या तोंडून निघाला नाही, कारण ते स्वतःची चूक मोजण्यात गढले होते. माझ्या तोंडून निघाला नाही, कारण मला उत्तर सांगितलेलं होतं. ज्या एडक्यानं माज ओळखायचा, तोच एडका माज आणत होता. मी तेव्हा तोंड उघडलं असतं, तर मी वर्षभर गप्प का होतो हे सांगावं लागलं असतं. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि ठकूबाईचं म्हणणं खरं असेल यावर माझा तेव्हाही पुरता विश्वास नव्हता.

उपळाईकरांनी पत्र्याची खोली रिकामी केली. बरण्या परसात ओतल्या, तिथे दोन वर्षं काही उगवलं नाही. मायक्रोस्कोप आमच्या शाळेला दिला. माझी चित्रं मला परत दिली, एका जुन्या धोतरात नीट गुंडाळून. "तुमची मेहनत फुकट घालवली," म्हणाले. मला वाटलं, जमीन फाटून आत जावं. त्यानंतर ते सरळ बैलांचे खांदे बघणारे डॉक्टर झाले. चांगले डॉक्टर होते. पण त्यांचं ते पालुपद बंद पडलं. एकदा मुद्दाम मी विचारलं, "डॉक्टर, हुकूम वरून की खालून?" तर ते हवापाण्याबद्दल काहीतरी बोलले. वहिनींनी तो मफलर कधी उलगडला नाही. ट्रंकेत तळाशी होता, डांबराच्या गोळ्या घालून.

अशी पाच-सहा वर्षं गेली.

एका दुपारी मी वर्गात होतो. पोरं तांब्या काढत होती. दारात उपळाईकर. शाळेत ते कधीच आले नव्हते. हातात एक नियतकालिक होतं, त्यांच्या हाताखाली नव्यानं आलेल्या तरुण डॉक्टरनं वाचायला दिलेलं. मला बाहेर बोलावून त्यांनी व्हरांड्यातच ते उघडलं. तिकडच्या लोकांना आता असं वाटू लागलं होतं, की बाहेरच्या जगातल्या गोष्टी, उजेड, नराचं दिसणं, नराचा वास, या मादीच्या मेंदूपर्यंत पोचतात, आणि मेंदू त्या ग्रंथीला जागं करतो.

"वास, मास्तर," ते म्हणाले. "मी उजेड म्हणालो, गवत म्हणालो. वास नाही म्हणालो. आपल्या त्या दोरी नसलेल्या मेंढ्या. माझं इंजेक्शन फुकट गेलं, पण त्या मेंढ्यांनी मला जे हवं होतं तेच सांगितलं होतं. हुकूम वरूनच आला होता. माझ्यासमोर उभ्या होत्या त्या, लाल पाठी घेऊन. आणि मी त्यांना चूक समजून घरी आलो."

मला राहवलं नाही. वर्गातली पोरं खिडकीतून बघत होती, तरी मी सगळं सांगून टाकलं. बाभळीखालचं ठकूबाईचं बोलणं, माझं हसणं, चित्रांखालचं नाव. बोलून झाल्यावर मी मान खाली घालून उभा राहिलो. ते मला काहीही बोलले असते तरी मी ऐकून घेतलं असतं.

ते व्हरांड्याच्या कठड्याला टेकले. मग म्हणाले, "मलाही सांगितलं होतं तिनं."

मी वर बघितलं.

"तीनदा सांगितलं. पहिल्या वर्षी दोनदा, दुसऱ्या वर्षी एडके आणले त्या दिवशी एकदा. मी तिला म्हणालो, बाई, एडके मी फक्त खूण करायला आणले आहेत, त्यांचा या प्रयोगात काही संबंध नाही. तिला हसलोसुद्धा." त्यांनी नियतकालिक मिटलं. "घरी ही म्हणते, तुमचं नाक गेलं म्हणून तुम्हाला वास सुचला नाही. ती माझी समजूत घालते. नाक नव्हतं हे खरं. पण कान होते ना, मास्तर."

त्या एका वाक्यानं माझं ओझं अर्धं झालं, आणि दुःख दुप्पट झालं. माझ्या गप्प राहण्यानं त्यांचं वाटोळं झालं असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. मी बोललो असतो तरी त्यांनी ऐकलं नसतं. आम्ही दोघंही त्या बाईला हसलो होतो, वेगवेगळ्या कारणांनी.

श्रावणात धनगर आपापल्या माळावर परत आलेले असतात. उपळाईकरांनी मला विचारलं, येता का? आम्ही मोटारीनं माळशिरसला गेलो, तिथून पुढे बैलगाडीनं. त्यांची तब्येत बरी नव्हती, चढावर त्यांना धाप लागत होती. त्यानंतर दोन महिन्यांतच ते गेले, पण त्या दिवशी हे आमच्या मनातही नव्हतं.

ठकूबाई वस्तीच्या बाहेर, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणापाशी बसली होती. म्हातारी झाली होती. डोळ्यांत मोतीबिंदू आलेला. आम्ही जवळ जाईपर्यंत तिनं ओळखलं नाही.

"कोन हाय?"

"मी डॉक्टर, ठकूबाई. सोलापूरचा. तुमच्या मेंढ्यांना सुया टोचायचो तो."

"आगं बया! देवीचं डाक्टर व्हय? बसा, बसा." तिनं घोंगडी पुढे सरकवली.

उपळाईकर घोंगडीवर बसले नाहीत, तिच्यासमोर मातीतच बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "मी तुम्हाला सांगायला आलो," ते म्हणाले, "तुमचं खरं होतं. सुईनं काही झालं नव्हतं. एडक्यांनीच झालं होतं. वासानं. तुम्ही मला सांगितलं होतं."

तिला काही आठवेना. "कंचं वं?" असं तिनं दोनदा विचारलं. उपळाईकरांनी सगळं पुन्हा सांगितलं. गेरू, दोरी, तिसरा आठवडा. ऐकून घेतल्यावर तिला हसू आलं.

"त्यात खरं-खोटं काय आलं? समद्यांस्नी ठावं हाय की ते. हितल्या पोराटोराला इचारा." मग ती त्यांच्या तोंडाकडे वाकून, डोळे बारीक करून बघू लागली. "एवढं लांब ह्येच सांगाया आलासा?"

"हो."

"मंग तवा का न्हाय ओ आयकलं?"

उपळाईकरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग खिशातून वही काढली आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. किती दिवस एडके लांब ठेवायचे, किती लांब, म्हातारा एडका चालतो का, मेंढ्यांना नुसता आवाज आला तर काय होतं, एडक्याची लोकर आणून टाकली तर? एकामागून एक असे प्रश्न ते विचारू लागले. माळावर धावताना पाहिलेला माणूस मला त्यांच्यात पुन्हा दिसला, फक्त आता तो बसलेला होता.

"लिवून काय करनार आता?" ठकूबाई म्हणाली.

"काही नाही," ते म्हणाले. "ऐकायचं राहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी शाळा होती. मला संध्याकाळची मोटार गाठायची होती. ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी उद्या येतो. मी गाडीत बसलो. ठकूबाई काठी वर करून वारा कुठून येतो ते दाखवत होती, आणि भरभर बोलत होती, कारण आता तिलाही रंग चढला होता. गाडी हलली तरी उपळाईकरांचा आवाज मला ऐकू येत होता.

"हळू सांगा, ठकूबाई," ते म्हणत होते, "हळू सांगा. मला वेळ लागतो."